जमीन मोजली, छप्पर राहिलं: घराच्या छपराचा उतार कसा मोजायचा

पत्र्याचं दुकान टाकायचंय, छपराची कामं घ्यायचीत, असं सांगत जो येतो त्याला मी आधी एक प्रश्न विचारतो. घर 24 फूट रुंद, मधोमध आढं, तर एका पाखाला किती फुटी पत्रा लागेल? बहुतेक जण पटकन म्हणतात, 12 फुटी. मीही तेच म्हटलं होतं. नुसतं म्हटलं नव्हतं, ऑर्डर दिली होती.

दुकान उघडून जेमतेम चार महिने झाले होते. रत्नागिरी जिल्ह्यातलं कौलारू घर, माकडं कौलं फोडतात म्हणून मालक वैतागलेले. कौलं काढून कलरकोटेड पत्रे टाकायचे होते. लांबी 36 फूट, रुंदी पागोळीपासून पागोळीपर्यंत 24. मी अंगणात टेप धरली. एका पाखाला 11, दोन्ही मिळून 22 पत्रे, प्रत्येकी 12 फूट. कोटेशन दिलं, ॲडव्हान्स घेतला, पत्रे मापात कापून आले. पहिला पत्रा वर गेला आणि आढ्यापासून जवळजवळ दीड फूट खालीच राहिला. सुतारकाका वरूनच म्हणाले, "अरे बाबा, तू जमीन मोजलीस. छप्पर कुठे मोजलंस?"

कापलेला माल परत जात नाही. वरच्या बाजूला दोन-दोन फुटांचे 22 तुकडे जोडले. 44 फूट पत्रा, जास्तीचे स्क्रू, एका दिवसाची मजुरी, सगळं माझ्या खिशातून. मालकांना खरं सांगून टाकलं, पण जोड दिसतो तो दिसतोच. बीबीएला ब्रेक-इव्हन पॉइंट मी झोपेतही काढला असता. इथे दहावीचा पायथागोरस नडला.

उतार म्हणजे आडवं किती गेल्यावर उभं किती चढलं. साइटवर 'फुटाला किती इंच' असं बोललं की गोंधळ होत नाही. त्या घराचा उतार फुटाला 6 इंच होता, म्हणजे आडवं 12 फूट, चढ 6 फूट. 144 अधिक 36 बरोबर 180, त्याचं वर्गमूळ 13.42. पत्रा लागत होता साडेतेरा फुटी!

दर वेळी वर्गमूळ काढत बसू नका. माझ्या डायरीच्या पहिल्याच पानावर आहे: फुटाला 3 इंच असेल तर आडव्या मापाला 1.03 ने गुणा, 4 इंचाला 1.05, 6 ला 1.12, 8 ला 1.20. कमी उताराच्या शेडमध्ये फरक तीन टक्क्यांचाच, म्हणून तिथे शिकलेल्याला अंगणातून मोजायची सवय लागते. मग कौलारू घर आलं की तो फसतो.

मोजायला दोन फुटी पाणसळ आणि टेप पुरे. छपरावर चढू नका, कौल पायाखाली फुटतं आणि आपणही खाली येतो. आतून माळ्यावर जा. पाणसळीच्या एका टोकाची वरची कड वाशाच्या खालच्या अंगाला टेकवा आणि दुसरं टोक आढ्याच्या दिशेने धरा. बुडबुडा मधोमध आला की टेकवलेल्या टोकापासून 12 इंचांवर खूण करा आणि तिथून वर वाशापर्यंत सरळ उभं मोजा. 6 इंच आलं तर फुटाला 6. पूर्ण 24 इंचांवर मोजून निम्मं केलंत तर चूक कमी होते. जुने वासे मध्ये खचलेले असतात, म्हणून दोन्ही पाखांवर तीन-तीन जागी मोजा. वाशालगत टेप लावता येत असेल तर तीही लावा आणि गणिताशी ताडून बघा. नवीन बांधकामात वासेच नसतात, तिथे गणिताशिवाय सुटका नाही.

मोबाईलवर अंश दिसतात. फुटाला 12 इंच म्हणजे 45 अंश, म्हणून 6 इंच म्हणजे साडेबावीस असेल असं वाटतं. नाही, ते 26.6 येतात. हाच उतार कोणी 50 टक्के लिहितं, कोणी 1:2. आणि कोणी नुसतं "सहा फूट चढ आहे" म्हणालं, तर किती आडव्याला ते विचारा. पूर्ण 24 फुटांना की निम्म्याला, यात सगळा खेळ बदलतो.

काही गिऱ्हाईकं म्हणतात, उतार कमी करा, पत्रा वाचेल. 6 चा 3 केला तर साधारण आठ टक्के वाचतो. पण कोकणातला वाऱ्याबरोबर येणारा पाऊस जोडातून आत शिरतो. पत्र्याच्या कंपनीच्या माहितीपत्रकात किमान उतार दिलेला असतो, तो वाचल्याशिवाय हो म्हणू नका.

आता माझ्या कोटेशनवर पत्र्याच्या दराच्या आधी एक ओळ असते: उतार फुटाला अमुक इंच, पाखाची लांबी अमुक, जागेवर मोजून, तारीख. मध्यंतरी एक काका दुसऱ्याचं स्वस्त कोटेशन घेऊन दुकानात आले. त्यात पत्र्याची लांबी घराच्या बरोबर निम्म्या रुंदीइतकी होती. मी भाव कमी केला नाही. पाणसळ त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "काका, घरी जाऊन एकदा वाशाला लावून बघा."