आयन क्रोमॅटोग्राफीतील वाढीव प्रतिदाब : निदान व उपाय

१९७५ मध्ये स्मॉल, स्टीव्हन्स व बाउमन यांनी मांडलेल्या आयन क्रोमॅटोग्राफीत नेहमीच्या प्रवाहवेगास दाब वाढणे हे बहुधा प्रवाहमार्गातील अडथळ्याचे लक्षण होय. नमुन्यातील सूक्ष्मकण व वाहक द्रावणातील जिवाणूंची वाढ ही त्याची प्रमुख कारणे होत.

निदानासाठी शोधकाकडून पंपाच्या दिशेने एकेक घटक वगळावा. प्रत्येक जोडणी पंप थांबवून सोडवावी व समान प्रवाहवेगास दाब नोंदवावा. जो घटक वगळताच दाब एकदम घटतो, तोच अवरुद्ध समजावा. संरक्षक स्तंभ अवरुद्ध असल्यास बदलावा. मुख्य स्तंभ उत्पादकाच्या सूचनेनुसारच धुवावा. त्या वेळी सप्रेसर वगळावा, अन्यथा सुटलेली अशुद्धी त्यात शिरते.

नमुना ०.४५ मायक्रोमीटर गाळणीतून गाळणे व वाहक द्रावण ताजे वापरणे, यातच महागड्या स्तंभाचे रक्षण आहे.