छताला विचारून टांगा!

टांगण्याची विद्या मराठी घराला नवी नाही. बारशाला पाळणा टांगायचा, दुधादह्याचे शिंके टांगायचे, दिवाळीला आकाशकंदील टांगायचा आणि ऐपत असली तर ओटीवर पितळी कड्यांचा झोपाळा! हल्ली या मंडळींत एका नव्या पाहुण्याची भर पडू लागली आहे. मुष्टियुद्धाच्या सरावाची ती लांबट, भरगच्च पिशवी. सगळे तिला 'पंचिंग बॅग' म्हणतात.

२०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या मुष्टियुद्धासाठी प्रथमच पदके ठेवण्यात आली आणि मेरी कोमने त्यांतले एक कांस्यपदक भारतात आणले. तेव्हापासून 'मुलीच्या जातीला हे कशाला?' म्हणणाऱ्यांचा आवाज जरा खाली आला आहे. आमच्या घरी तर तो निघालाच नाही. कन्येने "बाबा, मला बॅग हवी" म्हणताच तिच्या आईने जागासुद्धा ठरवून टाकली. प्रश्न उरला तो एवढाच, की ३० किलोचे हे धूड टांगायचे कशाला?

मिस्त्री आला. वर बघून म्हणाला, "साहेब, पंख्याचा हूक आहे की! पाच मिनिटांचं काम." आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. सारी हयात इमारती बांधण्यात गेलेली. ते तेवढ्यात वर आले आणि म्हणाले, "प्रोफेसर, पंखा जागच्या जागी फिरतो. ही बया झोके घेणार!"

सगळी मेख या झोक्यात आहे. पिशवीवर लिहिलेले वजन ती स्वस्थ लोंबकळत असतानाचे. तीच ३० किलोची पिशवी ६० अंशांपर्यंत झुलली, तर परत तळाशी येताना छताला ६० किलोंची ओढ बसते. शिवाय जोरकस ठोशाने ती उसळली, साखळी क्षणभर सैल पडून पुन्हा ताणली गेली, की त्या हिसक्याचा हिशेब निराळाच. असे शेकडो हिसके रोज! पहिल्या दिवशी काहीच पडत नाही. बोल्ट मात्र हळूहळू सैल होत जातो.

तेव्हा आधी छताची चौकशी करावी. शोभेसाठी केलेले पीओपीचे छत स्वतःचाच भार कसाबसा सांभाळते. त्याला हात लावू नये. जुन्या घरात लाकडी तुळई असेल, तर वाळवी लागली नाही ना, हे टोचून पाहावे, आणि स्क्रू पिळण्यापेक्षा तुळईला वेढून बसणारा लोखंडी पट्टा वापरावा. सिमेंटच्या स्लॅबवर ओल, पापुद्रे किंवा गंजाचे तांबूस डाग दिसले, तर ती जागा बादच समजावी. स्लॅब ठणठणीत असला, तरी एका हुकावर भिस्त नको. चार बोल्टांची पोलादी पाटी बसवावी. भोक पाडताना आतली सळई लागली, तर ती न कापता भोकाची जागा बदलावी. भोकातली पूड फुंकून साफ काढावी, नाहीतर बोल्टची पकड बसत नाही. आणि हे सारे जाणत्या इंजिनिअरला दाखवून, सोसायटीची परवानगी घेऊन.

साखळीच्या वर स्प्रिंग बसवली, तर हिसका कमी होतो आणि वरच्या बिऱ्हाडाची झोपही मोडत नाही. फिरती कडी लावल्याने साखळीला पीळ पडत नाही. वेगळ्या बोल्टला अडकवलेली एक सैल, जादा साखळी असावी. मुख्य कडी तुटली, तर ती पिशवीला अधांतरी धरते. महिन्यातून एकदा स्टुलावर चढून नट आवळावेत, कड्या झिजल्या का ते पाहावे. फरशीवर सिमेंटची पूड दिसली, की सराव त्या क्षणी बंद. धाकट्या मुलांना पिशवीला लोंबकळू देऊ नये आणि तिच्याखाली कुणाचे अंथरूण घालू नये.

घर भाड्याचे असेल किंवा छताविषयी तिळमात्र शंका असेल, तर जमिनीवर उभी राहणारी पिशवी मिळते. तिच्या बैठकीत पाणी किंवा वाळू भरायची. त्यात कमीपणा मुळीच नाही.

आमच्या खोलीतल्या स्लॅबला ओल निघाली. शाबूत जागा सापडली ती नेमकी माझ्या लिहिण्याच्या टेबलावर! टेबल आता गॅलरीत आहे आणि हा लेख मी तिथेच लिहिला. मुलीच्या हौसेला 'नाही' म्हणायला काहीच पडत नाही. 'हो' म्हणायचे, तर ते चार बोल्ट लावून म्हणावे लागते. 'डोक्यावर टांगती तलवार' हा वाक्प्रचार मी वर्गात पुष्कळदा समजावून दिला आहे. त्याचे उदाहरण घरातल्या छतावर नसावे, एवढेच!