कमळ: पाणी, गाळ आणि ऋतू

सारनाथच्या स्तंभशीर्षात सिंहांच्या बैठकीखाली घंटेच्या आकाराचे जे कमळ कोरलेले आहे, ते 26 जानेवारी 1950 रोजी स्वीकारलेल्या राजमुद्रेत वगळले गेले. राष्ट्रीय पुष्पाचा मान मात्र पुढे त्याच फुलाकडे आला. शिल्पांतून आणि सन्मानचिन्हांतून ते आपल्या इतके परिचयाचे झाले आहे की, ते राहते कोठे व जगते कशावर, याची विचारपूस करण्याची गरज सुशिक्षितांस सहसा भासत नाही.

संथ, उथळ, फार तर दीड पुरुष खोल असे पाणी, माथ्यावर निर्वेध ऊन आणि तळाशी मऊ, सेंद्रिय गाळ, एवढी या वनस्पतीची मागणी असते. त्या गाळात तिचा कंद आडवा धावतो आणि पेरापेरांतून पाने वर पाठवतो. बाजारात मिळणारी कमळकाकडी म्हणजे हाच कंद. त्याच्या चकतीत दिसणारी भोके हे हवेचे मार्ग होत; पानांनी घेतलेली हवा देठांतल्या नळ्यांवाटे खाली उतरून प्राणवायूविरहित चिखलातल्या कंदापर्यंत पोहोचते. चिखलात राहूनही निर्मळ, असा कमळाचा गौरव आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. परंतु चिखल हे त्याच्यावरील संकट नसून त्याचे घर आहे, आणि हे विसरल्यामुळेच त्या घराची आबाळ आपल्या डोळ्यांत भरत नाही.

काश्मिरात दल सरोवरातील कमळे जुलै-ऑगस्टात ऐन बहरात असतात. मैदानी मुलखात, जेथे पाणी टिकते तेथे, उन्हाळ्यापासून शरदापर्यंत बहर चालतो, आणि कडक थंडी पडते तेथे पाने करपून कंद गाळात निजतो. एका फुलाचे आयुष्य जेमतेम चार दिवसांचे. पहिल्या पहाटे ते किंचित उमलते, त्या वेळी स्त्रीकेसर परागग्रहणास सिद्ध असतात, आणि दुपारपर्यंत पाकळ्या मिटतात. दुसऱ्या दिवशी ते पूर्ण उघडते व पुंकेसर पराग सोडू लागतात. पुढे पाकळ्या गळून मधली शंक्वाकृती बैठक तेवढी उरते. विस्मय असा की, उमलण्याच्या काळात हे फूल स्वतःची उष्णता स्वतः निर्माण करते: बाहेरची हवा 10 अंशांपर्यंत उतरली तरी आतले तापमान 30 ते 36 अंशांच्या दरम्यान राहते, हे सेमूर व शुल्झे-मोटेल या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडच्या उद्यानात मोजून 1996 साली प्रसिद्ध केले. मिटलेल्या पाकळ्यांत रात्र काढणाऱ्या भुंग्यांना ही ऊब लाभते, अन् जाताना ते पराग घेऊन जातात.

कमळबी तर चिवटपणाची पराकाष्ठा. 1951 साली वनस्पतिशास्त्रज्ञ इचिरो ओगा यांना जपानमधील चिबा येथे मिळालेले, सुमारे 2000 वर्षांचे मानले गेलेले बी रुजले आणि पुढील वर्षी फुलले. (उपवासाचा मखाणा हे कमळबी नव्हे; तो युरिअ‍ॅल या निराळ्या जलवनस्पतीचा.)

एवढी चिवट वनस्पतीही गाळाचे प्रमाण बिघडले की हरते. 1992 च्या पुरात काश्मिरातील वुलर सरोवरात इतका गाळ लोटला की तेथील कमळे गेली, आणि त्यांच्या कंदावर, म्हणजे नदरूवर, चरितार्थ चालवणाऱ्या गावांची मिळकत बुडाली. गाळाचा उपसा झाल्यावर 2025 साली कमळे पुन्हा फुलली, तेव्हा तीन दशके उलटली होती.

आपल्याकडे भंडारा-गोंदियाकडील तलावही गाळाच्या याच नियमाला बांधील आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने मातीच्या पाळी, म्हणजे बांध, घालून ते उभे केले. मालगुजारीच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या, अमदानीत त्यांची देखभाल व वापर यांची व्यवस्था वाजिब-उल-अर्ज या गावच्या रूढींच्या नोंदवहीत नोंदलेली असे, आणि निस्ताराचा, म्हणजे घरगुती गरजेपुरत्या वापराचा, हक्क रयतेस होता. 1950 नंतर मालगुजारी संपून तलाव सरकारजमा झाले, लोकांच्या तोंडी ‘मामा’ (माजी मालगुजारी) तलाव ठरले, आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणाची याचा निवाडा कागदोपत्री राहिला. काठाच्या उथळ पट्ट्यात, जेथे कमळ रुजावयाचे, तेथे बेशरमाची झुडपे माजली, आणि ढिवर या मासेमार समाजाच्या जाळ्यांत मासळीही घटली. अशा तलावांचा उपसा व्हावा, याविषयी दुमत नाही. मात्र यंत्र लावून तळ सरसकट खरवडण्याऐवजी कंदांचा एखादा पट्टा जागचा जागी राखावा, आणि कोणता पट्टा राखावयाचा हे ठरविताना तेथल्या ढिवरांस विचारावे, असे मला आग्रहाने वाटते.