पंधरा कोटी अंशांची ऊब

श्रोतेहो, चुलीवरून उतरवलेलं भांडं निवतंच; झाकण घातलं तर जरा उशिरा, एवढाच फरक. सूर्याची ऊर्जा पृथ्वीवर तयार करू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांचीही अडचण हीच आहे. ऊब टिकत नाही.

सूर्यात हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिळतात आणि त्यातून ऊर्जा सुटते. १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी २० वर्षांत ही ऊर्जा काबूत आणण्याचा मार्ग सापडेल, असं भाकीत केलं होतं. ते खरं ठरलं नाही. असं का व्हावं?

या कामासाठी हायड्रोजन सुमारे १५ कोटी अंशांपर्यंत तापवावा लागतो. तेव्हा अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. त्याला कोणतंच भांडं पुरं पडत नाही. म्हणून ‘टोकामॅक’ नावाच्या कड्यासारख्या यंत्रात चुंबकाच्या बळानं तो भिंतीपासून दूर धरतात.

पण या चुंबकी कुंपणातूनही उष्णता निसटते. कणांच्या टकरींवरून हिशेब केला तर गळती थोडी निघते. मोजायला गेलं तर कितीतरी पट भरते. कारण प्लाझ्मात बारीक भोवरे उठतात आणि आतली ऊब बाहेर लोटतात.

हे भोवरे केव्हा उठतात? खळ्यावरची ज्वारीची रास आठवा. उतार एका हद्दीपर्यंतच चढतो. पुढं कितीही सुपं ओता, दाणे घरंगळतात. प्लाझ्मातही मध्यापासून कडेपर्यंत तापमानाचा उतार असतो. तो हद्दीबाहेर गेला, की भोवरे माजतात.

यावरून शास्त्रज्ञ गणित मांडतात. प्लाझ्माचे कांद्यासारखे पापुद्रे कल्पून प्रत्येकात किती उष्णता आली, किती गेली, याचा जमाखर्च संगणकाकडून करवतात आणि तो प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहतात.

१९८२ साली जर्मनीतल्या अस्डेक्स यंत्रात एक नवल घडलं. कडेचे भोवरे शमले आणि ऊब सुमारे दुप्पट वेळ टिकू लागली. रास जणू ओट्यावर घातली. उतार तोच, शेंडा मात्र उंच!

फ्रान्समध्ये इटर नावाचं प्रचंड यंत्र उभं राहत आहे. भारतही त्यात भागीदार आहे. प्लाझ्माला ५० मेगावॉट उष्णता देऊन ५०० मेगावॉट मिळवायची, हे त्याचं उद्दिष्ट. ते साधेल की नाही, हे गळतीच्या हिशेबावर अवलंबून आहे. एवढं यंत्र चुकलं म्हणून मोडून पुन्हा बांधता येत नाही; म्हणून आधी गणित.

गुरुजनहो, शाळेच्या अंगणात कोरड्या वाळूची रास घालून मुलांना तिचा उतार मोजायला लावा. निम्मा धडा तिथंच समजेल.