दर दोन तासांनी कूस

दुपारचे दोन वाजत आले की सकाळपाळीच्या सिस्टर दुपारपाळीला ‘ओव्हर’ देतात. बहुतेक वॉर्डांत हे काम टेबलापाशीच उरकतं. रिपोर्ट बुक उघडायचं, सात नंबरचं सलाईन चालू आहे, अकरा नंबरचा एक्स-रे राहिलाय, एवढं सांगायचं आणि निघायचं. मी ज्या सरकारी रुग्णालयाच्या ऑर्थो वॉर्डात हे काम पाहत बसायचो, तिथल्या इन्चार्ज सिस्टरांनी ही पद्धत मोडली होती. तिथे ओव्हर खाटेपाशी व्हायची. जो पेशंट स्वतःहून कूस बदलू शकत नाही, त्याला जाणारी आणि येणारी सिस्टर मिळून वळवायच्या, पाठ उघडी करून बघायच्या आणि मगच चार्टवर सह्या करायच्या. ‘माझ्या ड्युटीत नव्हतं’ असं म्हणायला त्यामुळे जागाच उरत नव्हती.

हा सगळा खटाटोप बेडसोर टाळण्यासाठी. धडधाकट माणूस झोपेतही सारखा हलत असतो. मणक्याला मार बसलेला, अर्धांगवायूचा किंवा खुब्याचं हाड मोडलेला माणूस हलू शकत नाही. कित्येकदा त्याला दुखतंय हेही कळत नाही. मग हाड आणि गादी यांच्यामधलं मांस चेपलं जातं आणि तिथलं रक्त अडतं. माकडहाड, टाचा, खुबे आणि डोक्याची मागची बाजू या धोक्याच्या जागा. काही तासांत सुरू झालेली इजा भरून यायला महिने लागू शकतात, आणि शेवटच्या पायरीला जखमेत हाड दिसू लागतं.

पाहायचं कसं, हेही शिकावं लागतं. लाल झालेल्या जागी बोटाने दाबलं आणि बोट उचलल्यावर ती जागा क्षणभर पांढरी पडली, तर रक्ताभिसरण अजून शाबूत आहे. लाली तशीच राहिली, तर पहिली पायरी सुरू झाली. पण पुस्तकातली ही खूण गोऱ्या कातडीवर नीट दिसते. आपल्याकडच्या सावळ्या पाठीवर लाली लपते. म्हणून तिथल्या सिस्टर हाताच्या पाठीने शेजारची जागा आणि संशयाची जागा आळीपाळीने चाचपायच्या. ती जास्त गरम आहे का, टणक किंवा लिबलिबीत लागते का, हात लावल्यावर पेशंटचा चेहरा आक्रसतो का, हे बघायच्या.

वळवण्यातही कसब आहे. पेशंटच्या बायकोने त्याला काखेत धरून वर ओढायला सुरुवात केली की सिस्टर लगेच थांबवायच्या. “ताई, ओढायचं नाही, उचलायचं. चादर धरा तिकडून.” ओढलं की कातडी चादरीला चिकटून मागे राहते, आतलं हाड पुढे सरकतं आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या पिळवटतात. म्हणून मॅकिंटॉशवरच्या (गादीवरच्या रबरी कापडावरच्या) ड्रॉ शीटला, म्हणजे आडव्या चादरीला, दोन्ही बाजूंनी धरून, एकदम उचलून सरकवायचं. पूर्ण कुशीवर झोपवलं तर सगळा भार खुब्याच्या टोकावर येतो. त्यामुळे पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंशांत कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी द्यायची, म्हणजे टाचा गादीला टेकतच नाहीत.

या वॉर्डाला काही जुन्या सवयीही सोडाव्या लागल्या. लाल झालेल्या जागेवर स्पिरिट आणि पावडर लावून चोळणं, कमरेखाली हवेची रिंग देणं, टाचेखाली पाण्याने भरलेले ग्लोव्हज ठेवणं, हे सगळं पूर्वी मनापासून केलं जायचं. पण चोळल्याने आधीच दुखावलेलं मांस आणखी दुखावतं, आणि रिंगेच्या कडेचा दाब भोवतालचं रक्त अडवतो. आजची मार्गदर्शक तत्त्वं या तिन्ही गोष्टी टाळायला सांगतात. वर्षानुवर्षं मायेने केलेलं काम सोडणं सोपं नसतं. वयाने मोठ्या सिस्टरांची कुरकुर बरेच दिवस चालली होती.

शिवाय एक काळजी दुसरीच्या आड येते. राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, भरवताना डोक्याकडची बाजू उंच लागते, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जायची भीती. पण उंच केलं की अंग घसरतं. मग सिस्टर गुडघ्यांखाली उशी देतात आणि फीड झाल्यावर तासाभराने खाट उतरवतात. दोन तासांचा नियमही दगडावरची रेघ नाही. अमेरिका-कॅनडातल्या नर्सिंग होममध्ये झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चांगल्या जाड फोमच्या गादीवर दोन, तीन किंवा चार तासांनी वळवण्यात फरक आढळला नाही. मात्र आपल्या वॉर्डातल्या बसक्या, रेक्झिन फाटलेल्या गाद्यांना हा निष्कर्ष लावता येत नाही.

मनुष्यबळाचं काय? रात्री चाळीसवर खाटांना दोन सिस्टर. सगळ्यांना दर दोन तासांनी वळवणं अशक्य, म्हणून आधी कोणाला, हे ठरवावं लागतं. त्यासाठी 1987 साली प्रसिद्ध झालेली ब्रेडन मोजपट्टी वापरतात. संवेदना, ओलावा, चालणं-फिरणं, हालचाल, आहार आणि घर्षण या सहा गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज 6 ते 23 मध्ये येते. जितकी कमी तितका धोका जास्त, आणि 18 किंवा त्याखाली आली की सावध व्हायचं. बाकीच्यांचं वळवणं वॉर्डातले मदतनीस मामा, मावशी आणि नातेवाईक यांना शिकवून त्यांच्या हाती द्यायचं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859 साली लिहून ठेवलं की बेडसोर झाला तर दोष बहुधा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. त्याने या कामाला वजन आलं, पण प्रत्येक व्रण एखाद्या सिस्टरचा गुन्हाही ठरू लागला. खरं तर रक्तदाब कोसळलेल्या, अवयव निकामी होत चाललेल्या पेशंटला सगळी काळजी घेऊनही व्रण होऊ शकतो. या वॉर्डात पाठ बघायला लागल्यावर नोंदीतले बेडसोर आधी वाढले. वरून विचारणा झाली. व्रण वाढले नव्हते, ते दिसू लागले होते, हे इन्चार्ज सिस्टरांना समजावून सांगावं लागलं. त्या वेळी मेमो निघाले असते, तर पुढच्या महिन्यात चार्टवर सगळीकडे ‘पाठ ठीक’ एवढंच आलं असतं. त्याऐवजी फाटलेल्या गाद्यांची यादी मागवली गेली. काळजीचा दर्जा सुधारायचा असेल तर वाईट बातमी लिहिणाऱ्या सिस्टरला आधी अभय हवं. आणि ज्या वॉर्डाच्या वहीत वर्षभर एकही बेडसोर नाही, तिथे कौतुक करण्यापूर्वी दोन-चार पेशंटना कुशीवर वळवून बघावं.