वास्तुविशारदांच्या संघाचे वर्ष

आम्ही वास्तुविशारद संघाच्या वर्षाचा कार्यक्रम आखावयास बसलो, की गावाला तो आमचा घरचा मामला वाटतो. तो तसा नाही. १९१७ साली मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील वास्तुकलेच्या माजी विद्यार्थ्यांनी जॉर्ज विटेट यांच्या नेतृत्वाखाली एक संघ स्थापिला. त्याचीच पुढे १९२९ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ ही संस्था झाली.

१९७२ च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ हे अभिधान नोंदणी झालेल्यांपुरते राखले. परंतु २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हे संरक्षण नावाला आहे, कामाला नाही. मग लोकांनी आमच्याकडे का यावे? याचे उत्तर आमच्या कामानेच द्यावयाचे असते, आणि त्याची तयारी वर्षाच्या आखणीत होते.

म्हणून चैत्र-वैशाखात, पावसापूर्वी, सभासदांनी मिळून जुन्या वाड्यांच्या भिंती, तुळया व पन्हळी पाहाव्यात. पावसाळ्यात बाहेरचे काम मंदावते; तेव्हा राज्यातील बहुतेक शहरांस लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीचा अभ्यास करावा. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी जागतिक वास्तुकला दिन येतो. त्या दिवशी घर बांधू पाहणाऱ्यांच्या शंका ऐकाव्यात. हिवाळ्यात तरुण सभासदांना चालू बांधकामावर न्यावे. काँक्रीटला निदान सात दिवस पाणी का मारावयाचे, हे तेथेच नीट उमगते.

वर्गणी सभासदांची असते. पण भिंत कोसळली तर ती खाली उभ्या असलेल्यावर कोसळते. तेव्हा यंदा संघाने काय योजिले आहे, हे गावानेही विचारावे.