फुलांवर तांबेरा चढण्याआधी
(बेटांवरची झाडे : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात न्यू कॅलेडोनियाच्या तांबड्या, निकेल-क्रोमियमने भरलेल्या मातीचा विचार केला. मुख्य बेटाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग अशा मातीचा आहे, आणि तिथल्या खुरट्या झुडपी रानात जांभळाचे कुल, म्हणजे मिर्टेसी, ठिकठिकाणी भेटते. सपुष्प वनस्पतींचे त्या बेटावरचे सर्वांत मोठे कुल हेच. त्याच्या दोनशेहून अधिक जाती तिथे आहेत आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत. या जातींची नोंद कशी ठेवायची, हा आजचा विषय. खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा आणि जीपीएस असताना फांदी कापून, दाबून, वाळवून कागदावर लावण्याची जुनी पद्धत कशाला हवी, असे हल्ली विचारले जाते. माझे मत असे की या कुलापुरती तरी ती हवीच, आणि २०१३ नंतर तर फार तातडीने हवी.

कारण हे कुल ओळखायला जितके सोपे, तितक्याच त्याच्या जाती अवघड. पाने बहुधा समोरासमोर, उजेडाकडे धरली की तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, अनेकांत कडेलगत एक शीर धावते, पान चुरगळले की वास सुटतो. लवंग, पेरू, निलगिरी, जाम ही सगळी याच घरची. एवढ्यावर कुल कळते. पुढे मात्र पान मुके होते. फुलातला किंजपुट किती कप्प्यांचा, बीजाचे साल कसे, गर्भातली दले जुळलेली की सुटी, यांवर प्रजाती ठरते. जांभळाचा मोहोर जवळून पाहिला तर त्याच्या पाकळ्या सुट्या उमलताना दिसत नाहीत. त्या एकमेकींना चिकटून टोपीसारख्या गळून पडतात. फोटो नेमका त्या क्षणी निघाला नाही, तर ही खूण हाती लागत नाही. खुद्द जांभळाचेच पाहा. लिनिअसने १७५३ मध्ये ते मिर्टस या प्रजातीत घातले, पुढे ते युजेनियात गेले (आपल्याकडच्या जुन्या औषधी ग्रंथांत तेच नाव आहे) आणि आता सिझिजियममध्ये आहे. असे फेरविचार करता येतात, कारण कागदावरचे वाळके फूल गरम पाण्यात मऊ करून पुन्हा चिरून पाहता येते. फोटोत जे टिपले गेले तेवढेच राहते. डीएनएने हा प्रश्न सुटेल असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की ज्या नमुन्यातून डीएनए काढला तोच जपला नसेल, तर तो कोणत्या झाडाचा होता हे पुढे कुणालाच तपासता येणार नाही.

अर्थात नुसती फांदी वाळवणे म्हणजे नोंद नव्हे. सालीचा रंग, तिचे पापुद्रे सुटतात की नाही, पुंकेसर पांढरे की लाल, झाडाची उंची, माती, समुद्रसपाटीपासूनची उंची, स्थानिक लोक त्या झाडाला काय म्हणतात, यांतले काहीच वाळक्या कागदावर उतरत नाही. ते झाडापाशी उभे असतानाच वहीत लिहावे लागते. दमट बेटांवर दाबलेले नमुने वाळण्याआधीच बुरसतात, म्हणून वर्तमानपत्रातले गठ्ठे प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर स्पिरिट ओततात आणि मुक्कामाला पोचल्यावर सुकवतात. त्याने नमुना वाचतो, पण डीएनए बिघडतो आणि रंग जातो. तेव्हा स्पिरिट लावण्याआधी पानाचा एक तुकडा सिलिका जेलमध्ये टाकायचा आणि जाड फळे वेगळी ठेवायची. एकाच झाडाच्या दोन-तीन जोडप्रती करणेही तितकेच गरजेचे. १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनच्या वनस्पतिसंग्रहाचा मोठा भाग जळाला. ज्या नमुन्यांच्या जोडप्रती इतर शहरांत होत्या, त्यांचाच पुरावा उरला.

आता २०१३ का, ते सांगतो. मूळ दक्षिण व मध्य अमेरिकेतला, खास याच कुलावर पडणारा एक तांबेरा २००५ मध्ये हवाईत आढळला, २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात आणि २०१३ मध्ये न्यू कॅलेडोनियात. गव्हावरच्या तांबेऱ्याला शेतकरी ओळखतोच. हा पिवळ्याधमक भुकटीच्या रूपाने कोवळे कोंब, कळ्या, फुले आणि हिरवी फळे धरतो. जुनी पाने तग धरून राहतात, त्यामुळे झाड जिवंत दिसते, पण फुलत-फळत नाही. हवाईतल्या नीओई या दुर्मीळ युजेनियाला त्याने असाच जबर फटका दिला. ज्या फुला-फळांवरून जात ओळखायची, तीच झाड मरण्याच्या कितीतरी आधी नाहीशी होतात. नमुना गोळा करण्याची मुदत झाडाच्या आयुष्याएवढी लांब नाही, हा या रोगाने शिकवलेला धडा.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला : दुर्मीळ झाडाला हात लावूच नये, शिवाय संग्राहकच कपड्या-बुटांवरून तांबेऱ्याचे बीजाणू पुढच्या दरीत नेतील. हे खरे आहे. म्हणून मोठ्या झाडाची एक डहाळी काढावी, रोपे उपटू नयेत, मोजकीच झाडे उरली असतील तर खाली पडलेली फुले-फळे आणि फोटो यांवर भागवावे. रोगट झाडाला हात लावण्याचे टाळावे, कात्री स्पिरिटने पुसावी, कपडे धुतल्याखेरीज दुसऱ्या रानात शिरू नये. ज्याला एवढी शिस्त पाळता येत नसेल त्याने जाऊच नये. दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लाबियार्डिएर १७९३ मध्ये या बेटावर उतरला; त्याच्यासारख्या संग्राहकांमुळे इथल्या वनस्पती युरोपात गेल्या आणि इथल्या मूळच्या कनाक लोकांना आपल्याच रानाचा पुरावा पाहायला पॅरिस गाठावे लागले. त्यावर उपाय गोळा करणे थांबवण्यात नाही. पहिली प्रत राजधानी नूमेआच्या संग्रहात राहिली पाहिजे, आणि जुन्या नमुन्यांची छायाचित्रे सर्वांना खुली झाली पाहिजेत. पॅरिसच्या राष्ट्रीय संग्रहालयाने आपले लाखो नमुने असे खुले केले आहेत आणि ते घरबसल्या पाहता येतात. वाचकांनी त्यांतले न्यू कॅलेडोनियाचे सिझिजियम एकदा उघडून पाहावे. आधी कागदावरची चिठ्ठी वाचावी, आणि जागा, तारीख व फुलाचा रंग तिच्यावर लिहिला आहे का, ते तपासावे.